जुनी ४०७ घाटात गरम होतेय, हेड उघडायच्या आधी घरी काय काय तपासू?

प्रवराकाठ | ४ मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी संगमनेर तालुक्यातला. घरची टोमॅटोची शेती आहे आणि माल वाहायला २००३ ची टाटा ४०७, २०१६ साली सेकंडहँड घेतलेली. इंजिन ४९७, टर्बो नाही.

दोन हंगाम झाले, गाडी घाटात गरम होते. सपाटीला काहीच त्रास नाही. भरून निघालो की चंदनापुरी घाटाच्या पायथ्यापर्यंत काटा मधल्या खुणेच्याही खाली असतो. घाट लागला, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला आली, की काटा चढायला लागतो आणि अर्ध्या घाटात लाल पट्टीला टेकतो. मग बाजूला घ्यायची आणि पाऊण तास थांबायचं. गेल्या मंगळवारी शंभर क्रेट भरले होते, नारायणगावचा बाजार गाठायचा होता, आणि घाटात पाणी उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून सगळं रस्त्यावर सांडलं. पोहोचलो तेव्हा बाजार उलगत आला होता. वरच्या क्रेटमधला माल उन्हाने मऊ पडला होता. वडील सोबत होते. तिथे काही बोलले नाहीत, पण परतताना बोट्याजवळ म्हणाले, "ही गाडी आता काढून टाकू."

एका गॅरेजवाल्याने रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, बुडबुडे दाखवले आणि सांगितलं की हेडचं पॅकिंग, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली गॅस्केट, गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट, करावं लागेल, वीस हजार धरून चाला. ऐन हंगामात वीस हजार काढणं अवघड आहे, आणि माझं मनही मानत नाही. ऑइल स्वच्छ आहे, धूर नेहमीसारखाच आहे. पान्याची कामं मला येतात. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच घरीच करतो. हेडला हात लावायच्या आधी घरच्या घरी काय बघता येईल?

---

जुनाफिटर | ४ मे, रात्री १०.०५

दादा, हेड उघडायची घाई करू नका. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत हात काळे केलेत. गरम होते म्हणून उतरवलेल्या हेडांपैकी कितीतरी विनाकारण उतरवलेली पाहिली आहेत. ४९७ हे सरळ इंजिन आहे. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, त्यावरूनच ते नाव. सगळं हाताला येतं, त्यामुळे घरी तपासायला याच्यासारखी गाडी नाही.

आधी एवढं सांगा:

गाडी उभी असताना, नुसती चालू ठेवली तर गरम होते का?
रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता? कुलंट आहे का?
थर्मोस्टॅट वॉल जागेवर आहे का कुणी काढून टाकलाय?
पंख्याभोवतीचा घेर, म्हणजे शराउड, आहे का?
खालचा होजपाईप शेवटचा कधी बदलला?
झाकणाचं रबर कसं आहे?

आणि एक विनंती. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. वरच्या होजला हात लावता आला तरच झाकणाला हात लावा.

---

चाकदोन | ४ मे, रात्री १०.४०

वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलून टाका. माझ्या टेम्पोला हाच त्रास होता, वॉटर बॉडी बदलली आणि बंद झाला.

---

जुनाफिटर | ४ मे, रात्री ११.००

चाकदोन, तुमची वॉटर बॉडी गेली असेल, यांची गेली असेलच असं नाही. वॉटर बॉडीच्या पोटाखाली एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की त्या छिद्रातून पाणी ठिबकतं. तिथे ओल नाही, शाफ्टला खेळ नाही, आवाज नाही, तर आधी बाकीचं बघायचं. न तपासता एकेक पार्ट बदलत गेलं की शेवटी हेडपेक्षा जास्त खर्च होतो.

---

प्रवराकाठ | ५ मे, दुपारी १.१५

फिटरकाका, एवढ्या रात्री उत्तर दिलंत, आभारी आहे. सकाळी बघून आलो.

उभ्या गाडीला नुसती चालू ठेवली तर अर्ध्या तासातही गरम होत नाही. पाणी आमच्या बोअरचंच. कुलंट कधी घातलं नाही, घाटात उकळलं की कॅनमधून बोअरचं पाणी भरायचं, इतकंच. थर्मोस्टॅट दोन वर्षांपूर्वी काढून टाकला. तेव्हा पहिल्यांदा गरम झाली होती आणि मिस्त्री म्हणाले होते की आपल्याकडे त्याची गरज नसते. शराउड मी गाडी घेतली तेव्हापासून नाहीच. खालचा होज कधी बदलला, आठवत नाही. झाकणाचं रबर नखाने दाबलं तर तुकडा हातात आला.

पंख्याचा पट्टा घट्ट आहे. अंगठ्याने दाबला तर मध्यावर बोटभर दबतो. वॉटर बॉडीच्या छिद्राशी कोरडं आहे.

---

जुनाफिटर | ५ मे, रात्री ८.३०

दुखणं यातच आहे. एकेक घेतो.

थर्मोस्टॅट. "आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट नको" हे आपल्या भागातलं फार जुनं खूळ आहे आणि त्याने बरीच इंजिनं मारली. हा वॉल दोन कामं करतो. इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. आणि बऱ्याच इंजिनांत, तापल्यावर वर उचलला गेला की त्याचीच खालची चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. वॉल काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. मग वॉटर बॉडी ढकलते त्यातलं काही पाणी रेडिएटरला न जाता, गरमच, पुन्हा इंजिनात शिरतं. सपाटीला हे कळत नाही. उलट इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, काटा मधल्या खुणेखाली राहतो आणि डिझेल जास्त जातं. घाटात जेव्हा सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, तेव्हाच ते कमी पडतं. तुमचा काटा अगदी हेच सांगतोय.

शराउड. घाटात गाडीचा वेग वीस-पंचवीस. समोरून वारा जवळपास नाही, जी हवा ओढायची ती पंख्यानेच. घेर नसला की पंखा आजूबाजूची इंजिनाचीच गरम हवा फिरवत बसतो, जाळीतून कमी ओढतो. उभ्या गाडीला इंजिनावर लोड नसतो म्हणून तिथे निभावतं.

झाकण. त्यावर ०.९ असा काहीतरी आकडा असेल. तेवढा दाब ते धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभराला उकळत नाही, ११७-११८ पर्यंत टिकतं. तुमच्याकडे समुद्रसपाटीपासून उंची असल्याने उघडं पाणी ९८ लाच उकळतं. रबर तुटलेल्या झाकणाने तुमचं रेडिएटर म्हणजे चुलीवरचं उघडं पातेलं झालंय. घाटात पाणी बाहेर पडलं त्याचं मोठं कारण हे.

आता बुडबुडे. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली की सुरुवातीला बुडबुडे येणारच. अडकलेली हवा असते, पंप पाणी घुसळत असतो. पॅकिंगची खरी परीक्षा अशी करा. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला. पाणी काठोकाठ भरा. फॅनबेल्ट काढून ठेवा, म्हणजे पंप फिरणार नाही आणि पाणी शांत राहील. मग गाडी चालू करा आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. एक मिनिट, जास्त नाही, कारण पाणी फिरत नाहीये. पॅकिंग फुटलं असेल तर शांत पाण्यातही एकसारखे बुडबुडे येत राहतात, रेस केलं की वाढतात. चार-दोन येऊन थांबले तर पॅकिंग शाबूत आहे असं समजा. पट्टा पुन्हा चढवल्यावर दुसरी खूण बघा. झाकण लावून थंड गाडी चालू करायची. मिनिटभरात वरचा होज दगडासारखा टणक झाला तर दाब पाण्याच्या उष्णतेने आलेला नाही, सिलिंडरमधून आलाय.

चाकांखाली दगड लावा, न्यूट्रल तपासा, पंख्याजवळ सैल कपडे नकोत.

---

मळेकरीण | ५ मे, रात्री ९.१०

मला इंजिनातलं फारसं कळत नाही, पण झाकणाचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने गरम पिकअपचं झाकण ओला फडका धरून उघडलं. त्याला वाटलं फडका आहे ना. झाकण अर्धा आटा फिरलं आणि आतलं पाणी मान, छाती, उजवा हात असं सगळीकडे उडालं. शेजारच्या लोकांनी टूथपेस्ट फासली. दवाखान्यात ती पेस्ट खरवडून काढताना तो जे ओरडला ते मला अजून ऐकू येतं.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं ते इथे लिहिते. भाजलं की वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढायचं, कारण सूज येते. मग स्वच्छ कापड सैलसर झाकून दवाखाना.

प्रवराकाठ दादा, घाटात कितीही उशीर होत असला तरी ते झाकण थंड होऊ द्या. बाजार परत भरतो.

---

रसायनाचा_मास्तर | ६ मे, सकाळी ७.००

ताईंनी लिहिलं ते प्रत्येक ड्रायव्हरने वाचायला हवं.

मी बोअरच्या पाण्याबद्दल लिहितो. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते न विरघळणारं कार्बोनेट. ते सर्वात गरम भिंतीला चिकटतं. ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे त्यांनी आतून हात फिरवून बघावा. तो जो पांढरा खरखरीत थर, तोच तुमच्या ब्लॉकच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत आहे. बिडापेक्षा तो उष्णता फारच कमी वाहून नेतो, म्हणून मिलिमीटरभर थरही पुरतो.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार एकदाच बसतात. पण तुम्ही दर फेरीला उकळून गेलेलं पाणी पुन्हा बोअरच्या पाण्याने भरता. दर वेळी नवे क्षार आत जातात. दोन हंगाम तुम्ही तो बंब रोज भरताय.

थर काढायला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात मिळतं. लिटरला ५० ग्रॅम. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही वापरू नका, ते क्षाराबरोबर धातूही खातं. कॉस्टिक सोडाही नको, तो ॲल्युमिनियम खातो.

---

प्रवराकाठ | ८ मे, रात्री ९.४५

काल आणि आज दोन्ही दिवस गाडीपाशी होतो. सविस्तर लिहितो.

बुडबुड्यांची परीक्षा काल पहाटे केली. पट्टा काढला, पाणी काठोकाठ भरलं, चुलत भावाने गाडी चालू केली. मी टॉर्च धरून रेडिएटरच्या तोंडात बघत होतो. तीन-चार बुडबुडे आले आणि मग पाणी शांत. भावाने रेस केलं. पाणी नुसतं थरथरलं, बुडबुडा नाही. पट्टा चढवून, झाकण लावून होज दाबून पाहिला, मऊच होता. पॅकिंग ठीक आहे. वडील ओट्यावर चहा घेऊन बसले होते, त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा उठून गाडीजवळ आले.

मग गाडी तापवली. तापमान मोजायची बंदूक घरात होती, करोनात घेतलेली, पण ती माणसाच्या तापाची, चाळिशीच्या पुढे काही दाखवतच नाही. तालुक्याला एका एसीवाल्या मित्राकडून कामाची बंदूक आणली. जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजत गेलो. वरच्या टाकीजवळ ८८. मधल्या पट्ट्यात डावीकडे ८१, आणि उजवीकडे खाली, साधारण दोन तळहातांएवढ्या भागात ४७. हात लावून खात्री केली. बाजूची जाळी चटका देतेय आणि तिथे हात निवांत ठेवता येतोय. त्या नळ्यांतून पाणीच जात नाही.

आणि मग जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. भाऊ आत बसून हळूहळू रेस वाढवत होता, मी खाली वाकून खालच्या होजकडे बघत होतो. रेस वाढला तसा तो जाड होज मधोमध आत ओढला जायला लागला, आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या. रिकाम्या पिशवीसारखा चपटा. रेस सोडला की पुन्हा गोल. म्हणजे इंजिनाला जेव्हा जास्त पाणी पाहिजे तेव्हाच वाट बंद होत होती! दोन हंगाम हे होत होतं आणि मी बोनेट उघडून उभ्या गाडीचंच इंजिन बघत होतो.

---

जुनाफिटर | ८ मे, रात्री १०.१५

शाब्बास. हे बघायला दोन माणसं लागतात म्हणून बहुतेक जण बघतच नाहीत.

होज दोन कारणांनी चपटा होतो. रबर जुनं होऊन फुगलं, मऊ पडलं, आणि आतली स्प्रिंग गंजून गेली किंवा मुळात घातलीच नाही. दुसरं, रेडिएटर चोंदलेला असला की पंप खालून ओढतो आणि वरून पाणी येत नाही, त्या ओढीने होज आत बसतो. तुमचं दोन्ही आहे. नुसता होज बदलला तर चोंदलेला रेडिएटर तसाच राहील. नवा होज घ्याल तेव्हा स्प्रिंगवाला घ्या आणि दुकानातच बोटाने चाचपून बघा.

धुण्याचा क्रम नीट ठेवा. आधी ब्लॉक, मग रेडिएटर. उलटं केलं तर ब्लॉकमधून सुटलेली खपली स्वच्छ केलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसते. वरच्या होजचं तोंड रेडिएटरवर चढवायच्या आधी त्यात नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा बसवा, जाळीसारखा. सुटलेला कचरा त्यात अडकेल. मोजा भरला की पाणी अडतं, म्हणून मधेमधे काढून धुवायचा.

बाहेरून जाळी धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारा, साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या दाबाने पत्रे वाकतात.

---

बेकर्सफील्डकर | ९ मे, पहाटे ५.३०

मी कॅलिफोर्नियात असतो, मूळचा अकोल्याचा. माझ्याकडे १९९४ चा पिकअप ट्रक आहे, इथला उन्हाळाही चाळिशीच्या वरचा. फिटरकाकांचं सगळं पटलं. दोन गोष्टींची भर घालतो.

बंदुकीने मोजताना चमकत्या धातूवर आकडा खरा येत नाही, कमी दिसतो. थर्मोस्टॅटच्या घरावर मोजायचं असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. काळ्या जाळीवर तुम्ही मोजलंत ते बरोबर.

आणि पाणी सगळं सांडलं तर काटा खाली येऊ शकतो. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. उघडा पडला की त्याला नुसती हवा आणि वाफ लागते. माझ्या ओळखीच्या एकाने "चला, थंड झाली" म्हणून तशीच चालवली आणि इंजिन जाम केलं.

---

प्रवराकाठ | १३ मे, रात्री ८.२०

काम झालं. चार दिवस गेले, कारण दिवसा तोडणी चालू होती.

ब्लॉक धुताना पाणी बादलीने मोजून काढलं, बारा लिटर भरलं. त्या हिशेबाने ६०० ग्रॅम लिंबूफूल गरम पाण्यात विरघळवून घातलं. गाडी चालू करून गरम झाल्यावर अर्धा तास नुसती चालू ठेवली. मोजा पहिल्या वेळी दहा मिनिटांतच भरला. काढून उलटा केला तर तळहातावर मूठभर खपल्या पडल्या. एका बाजूने पांढऱ्या, दुसऱ्या बाजूने गंजाच्या तपकिरी, अंड्याच्या टरफलाएवढ्या जाड. एक खपली वडिलांनी बोटांत धरून मोडली, कडकन आवाज आला. "हे आपण पितो ते पाणी?" म्हणाले.

ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन नट उघडला तेव्हा आधी काहीच आलं नाही. तार घालून टोचलं तेव्हा चिखलासारखा गाळ आला, त्यामागून पाणी. लिंबूफुलाचं पाणी दोनदा घातलं. मास्तरांना फोरमच्या निरोपात विचारलं होतं, त्यांच्या सांगण्यावरून शेवटी खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने तीनदा धुतलं, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

रेडिएटर तांब्या-पितळेचा जुना असल्याने रेडिएटरवाल्याकडे नेला. हे एक काम घरी केलं नाही. त्याने वरच्या टाकीचा डाग, म्हणजे झाळ, उकलून टाकी उचलली आणि मला बोलावून दाखवलं. नळ्यांची चपटी तोंडं रांगेत, आणि उजवीकडच्या रांगांत प्रत्येक तोंडात पांढरी गुठळी बसलेली. बंदुकीने ४७ दाखवलं होतं तोच कोपरा. त्याने पातळ पट्टीची सळई प्रत्येक नळीतून आरपार घातली, मग पुन्हा डाग लावून पाण्याच्या टाकीत बुडवून हवेने गळती तपासली. अडीच हजार घेतले. डोळ्यांसमोर काम केलं, समाधान आहे.

थर्मोस्टॅट नवा आणला. मास्तर म्हणाले होते बसवायच्या आधी तपास. आईचं पातेलं न घेता पत्र्याच्या डब्यात पाणी तापवलं, वॉल दोऱ्याने बांधून बुडाला टेकणार नाही असा लोंबकळत सोडला, शेजारी थर्मामीटर. ८२ ला कडेला केसाएवढी फट पडली. ९४ पर्यंत पूर्ण उचलला. काढून थंड केला तर पुन्हा बंद. दुकानदाराला दोन परत द्यावे लागतात असं ऐकलं होतं, माझा पहिलाच चांगला निघाला.

शराउड भंगार बाजारात याच मॉडेलचा मिळाला, एक कान तुटलेला, पत्र्याची पट्टी रिव्हिट करून जोडला. दोन्ही होज नवे, झाकण नवं, पट्टा नवा.

---

जुनाफिटर | १३ मे, रात्री ९.००

आता भरताना घाई नको. गाडीचं तोंड उताराकडे नाही, चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वात उंच राहतं आणि हवा तिकडे येते. हळूहळू भरा, होज हाताने दाबत राहा, हवा गुडगुडत बाहेर येईल. झाकण न लावता गाडी चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली बसेल, तेव्हा पुन्हा भरा. मग झाकण. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, परत पातळी बघा.

बोअरचं पाणी आता गाडीजवळ आणूही नका. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. कुलंट फक्त बर्फाच्या मुलखासाठी असतं असं समजू नका. त्याने उकळायचा बिंदू वर जातो, गंज थांबतो, वॉटर बॉडीचं सील टिकतं. साधं हिरवं कुलंट दोन वर्षांनी बदलायचं. रंग चांगला दिसतो म्हणून ठेवायचं नाही, आतली गंजरोधक द्रव्यं संपलेली असतात. दोन वेगळ्या जातींची कुलंट मिसळू नका.

गाडीत पाच लिटरचा कॅन ठेवायचा तर तोही डिस्टिल्डचाच.

---

मळेकरीण | १४ मे, सकाळी ६.५०

एक सांगायचं राहिलं. कुलंट चवीला गोड असतं. गोठ्याजवळ, कुत्र्याच्या ताटलीजवळ, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं जातात. सांडलं तर माती टाकून उचला आणि जागा धुवा. जुनं काढलेलं ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका.

---

प्रवराकाठ | २० मे, रात्री १०.३०

आज घाट चढलो.

शंभर क्रेट, तोच लोड. दुपारी दोनला निघालो, मुद्दाम उन्हाचं. बंदूक सोबत, थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवलेली. पायथ्याला काटा मधल्या खुणेवर होता, आधीसारखा खाली नाही. पहिल्यांदा जरा घाबरलो, मग आठवलं की थर्मोस्टॅट आहे म्हणजे इथेच असायला हवा. दुसऱ्या गिअरला, इंजिन दमू न देता, फिटरकाकांनी निरोपात सांगितलं तसं आवाज मोकळा ठेवून चढलो. जिथे दर वेळी थांबायचो त्या वळणावर काटा एक रेघ चढला होता. थांबलो नाही. वर डोळासण्याच्या बाजूला सपाटी लागल्यावर बाजूला घेऊन, इंजिन चालूच ठेवून मोजलं, ९३. होज गोल, झाकणाशी कोरडं. पाच मिनिटांत ८६ वर आलं.

बाजारात लिलावाच्या आधी पोहोचलो. वडील परतताना स्वतः गाडी चालवायला बसले. आळेफाट्यापासून घारगावपर्यंत त्यांचं लक्ष काट्यावरच होतं, आणि पुढे बोलण्यात रमले तेव्हा मी ओळखलं की आता विकायचा विषय निघणार नाही.

एकूण खर्च सहा हजार नऊशे. सगळ्यांचे मनापासून आभार. मळेकरीण ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. घाटात थांबून झाकणाला हात घालायची सवय मलाही होती.

---

चाकदोन | २१ मे, सकाळी ८.०५

सगळा धागा वाचला. माझ्याही टेम्पोत बोअरचंच पाणी आहे आणि थर्मोस्टॅट काढलेला आहे. वॉटर बॉडी बदलल्यावर त्रास बंद झाला म्हणालो होतो, पण या उन्हाळ्यात माळशेज चढताना काटा पुन्हा वर जायला लागलाय. सुरुवात कुठून करू?

---

जुनाफिटर | २१ मे, सकाळी ८.४०

रात्रभर उभी राहू द्या. उद्या सकाळी झाकण उघडा, बोट आत घालून टाकीची आतली कड चाचपा आणि बोटाला काय लागलं ते इथे लिहा. मग कुणाला तरी रेस करायला बसवा आणि खालचा होज बघा.